ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी नवे टायर निवडताना

जबलपूर शहरातील मदन महल भागात ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत, तर शहराबाहेर नर्मदा खोऱ्यातील काळ्या जमिनीचा हवेली प्रदेश आहे. पावसाळ्यात बांधबंदिस्त शेतात पाणी साठवून ठेवायचे आणि ते सोडून दिल्यावर रब्बीची पेरणी करायची, ही तेथील जुनी पद्धत. जिल्ह्यातील हिरवा वाटाणा हिवाळ्यात ट्रॉल्यांमधून बाजारात येतो. एकाच ट्रॉलीला ओलसर शेत, दगडी गाडीवाट आणि डांबरी रस्ता असा प्रवास करावा लागतो. वाटेत टायर फुटल्यास नाशवंत मालाचा बाजारभाव हातचा जातो. भरलेली ट्रॉली कलंडल्यास जीवही धोक्यात येतो. म्हणून टायर बदलताना केवळ किंमत पाहणे पुरेसे नाही.

बदलण्याची वेळ

ट्रॉली हंगामात राबते आणि उरलेले महिने उन्हापावसात उभी राहते. त्यामुळे नक्षी झिजण्यापूर्वीच रबर कडक होऊन बाजूच्या भिंतीवर भेगा पडतात. टायरवरील चार अंकी आकडा त्याचे वय सांगतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर दर हंगामापूर्वी बारकाईने तपासणी करावी. भेगा, फुगवटा किंवा उघडे पडलेले धागे दिसल्यास नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलावा. नक्षीच्या खाचांतील झीजदर्शक पट्ट्या पृष्ठभागाला टेकल्या, तरीही टायर बदलणे आवश्यक ठरते.

भाराचे गणित

मूळ टायरचा आकार व रिमची रुंदी कायम ठेवावी. त्यानंतर भारक्षमता पाहावी. चार टायरांच्या ट्रॉलीचे स्वतःचे वजन १,५०० किलो आणि माल ४,००० किलो असल्यास प्रत्येक टायरवर सरासरी १,३७५ किलो भार येतो. खड्डे आणि असमान भराई लक्षात घेऊन २० टक्के वाढ धरल्यास हा आकडा १,६५० किलो होतो. टायरवरील भार निर्देशांक १२५ म्हणजे १,६५० किलो, तर १२० म्हणजे १,४०० किलो. येथे १२५ पेक्षा कमी निर्देशांक घेऊ नये. ही क्षमता टायरवर नोंदवलेला दाब आणि वेगमर्यादा पाळली, तरच मिळते. प्लायचा आकडा हा ताकदीचा दर्जा असतो. आत तितकेच थर असतात असे नाही.

नक्षी आणि बांधणी

ओढण्याचे काम ट्रॅक्टरची चाके करतात. ट्रॉलीची चाके केवळ मागे फिरतात. त्यामुळे ट्रॉलीला खोल, आडव्या दात्यांची नक्षी लागत नाही. सरळ उभ्या खाचांचा टायर कमी जोरात फिरतो आणि इंधन वाचवतो. एका आसावर रेडियल आणि नायलॉन टायर एकत्र बसवू नयेत. दोन्ही बाजूंचे टायर एकाच वेळी बदलावेत आणि नवीन टायरसोबत ट्यूब व फ्लॅपही नवीन घ्यावेत.

हवेचा दाब

कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो, त्यातून उष्णता वाढते आणि भरल्या ट्रॉलीखाली तो फुटतो. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा. तापलेल्या टायरमध्ये वाढलेला दाब पाहून हवा सोडणे चुकीचे आहे. टायरच्या हवेचा दाब जितका अधिक, तितका चाकाखालील जमिनीवरील दाबही अधिक. म्हणून ओल्या काळ्या जमिनीत भरलेली ट्रॉली नेल्यास माती दबते. शक्यतो ट्रॉली बांधालगत उभी करून माल तेथे आणावा.

चिखलाबरोबर तणही

जबलपूर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन संचालनालय आहे. टायरला चिकटलेल्या चिखलातून गाजर गवतासारख्या तणांचे बी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. खोल नक्षीत असा चिखल अधिक काळ टिकतो. भाड्याने फिरणाऱ्या ट्रॉलीचे टायर शेताबाहेर पडतानाच खरडून स्वच्छ करावेत.

विस्तार कार्यकर्त्यांनी काढणीपूर्व बैठकीत गावातील ट्रॉल्यांच्या टायरचे वय, भेगा व हवा यांची तपासणी करून घ्यावी. ट्रॉली दीर्घकाळ उभी राहणार असल्यास ती ठोकळ्यांवर टेकवून टायर सावलीत झाकून ठेवण्याचा सल्ला द्यावा. हंगामापूर्वीची ही तपासणी काढणीच्या ऐन दिवसांत माल आणि माणूस दोन्ही सुरक्षित ठेवते.