म्हाताऱ्या विमानांची शर्यत

शंकरपट म्हणजे काय, हे वाशिम जिल्ह्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. बैलांच्या जोड्या सुटतात, धुरकरी ओरडतात, घड्याळावर वेळ मोजली जाते आणि बक्षिसाची रक्कम बहुधा गावच्या वर्गणीतून उभी राहते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली होती. पुढे महाराष्ट्राने नियम घालून कायदा केला आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. शर्यत टिकायची तर हौस, पैसा आणि नियम या तिन्हींची सांगड लागते, हे यावरून ध्यानात येईल.

अशीच एक शर्यत आकाशातही होते. तीत धावतात ती पाऊणशे-ऐंशी वर्षांपूर्वीची, पंख्यावर चालणारी विमाने! ही म्हातारी विमाने किती दिवस धावणार? त्यांच्या चाहत्यांनी पैसा पुरवला म्हणजे ती कायम उडत राहतील काय? आज याच प्रश्नाचा विचार करू.

वर्गणीतून वेग

विमानांची पहिली मोठी स्पर्धा १९०९ साली फ्रान्समधील रँस येथे झाली. तेथील मानाची शर्यत अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने जिंकली. त्याचा वेग होता ताशी सुमारे ७५ किलोमीटर. आज आपली एस. टी.ची गाडीदेखील एवढ्या वेगाने जाते.

आपल्या देशाचाही या इतिहासात वाटा आहे. इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्याने विमान चालवणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले होते. १९३० साली त्यासाठी चुरस लागली. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. इंजिनियर यांचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. बक्षीस इंजिनियर यांनीच जिंकले आणि पुढे ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. एका लहानशा सुट्या भागावाचून विमान कसे जमिनीला खिळते, तेही या प्रसंगावरून दिसते.

दुसरे उदाहरण १९३१ सालचे. श्नायडर करंडकाच्या शर्यतीसाठी पैसे देण्याचे ब्रिटिश सरकारने नाकारले. तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनिक बाईंनी एक लाख पौंड दिले. त्या पैशावर आर. जे. मिचेल यांच्या विमानाने करंडक जिंकला आणि त्याच महिन्यात ताशी ६५५ किलोमीटर वेगाचा विक्रम झाला. हेच मिचेल पुढे प्रसिद्ध ‘स्पिटफायर’ लढाऊ विमानाचे जनक ठरले. शर्यतीसाठी दिलेला पैसा ज्ञानाच्या रूपाने परत आला, तो असा.

वळणावर वजन वाढते

दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमाने स्वस्तात विकली गेली आणि हौशी वैमानिकांनी ती घेतली. अमेरिकेतील रीनो येथे १९६४ पासून त्यांच्या शर्यती भरू लागल्या. जमिनीवर उंच खांब रोवलेले असतात आणि त्यांना वळसे घालीत विमाने धावतात. सर्वांत वेगवान गटातील विमाने ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास पोचतात. मूळचे सुमारे दीड हजार अश्वशक्तीचे मर्लिन इंजिन शर्यतीसाठी तीन हजारांच्या वर नेले जाते. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर दुप्पट ओझे द्यावे तसाच हा प्रकार!

यात पंखांवर किती भार येतो, याचे गणित सोपे आहे. समजा, विमानाचा वेग सेकंदाला २०० मीटर आहे आणि वळणाची त्रिज्या २,००० मीटर आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ४०,००० भागिले २,०००. उत्तर येते सेकंदाला सेकंदामागे २० मीटर. हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट झाले. पंखांना एकीकडे विमान तोलून धरायचे असते आणि दुसरीकडे ते वळणाकडे ओढायचे असते. ही दोन्ही बले परस्परांशी काटकोनात असल्याने पायथागोरसचा सिद्धांत लावा. एकूण भार वजनाच्या सुमारे सव्वादोन पट येतो. चार टनांचे विमान वळणावर जणू नऊ टनांचे होते आणि सरळ मार्गावर येताच पुन्हा चार टनांचे. प्रत्येक फेरीत हे असेच चालते.

तार वाकवून पाहा

भार एकदा सोसला तर बिघडले कुठे? एक प्रयोग करा. बांधणीच्या तारेचा तुकडा घ्या आणि एकाच जागी काटकोनात मागे-पुढे वाकवा. किती वेळा वाकवल्यावर तार तुटते ते मोजा. मग दुसरा तुकडा थोडाच वाकवून पाहा. तो बराच जास्त काळ टिकेल. वाकवलेली जागा गरम होते, म्हणून तिला लगेच बोट लावू नका.

एका झटक्यात न तुटणारी तार पुनःपुन्हा वाकवल्याने तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. आत बारीक भेग पडते, दर वेळी ती किंचित वाढते आणि एके दिवशी उरलेला धातू भार पेलू शकत नाही. पोलादावरचा ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते फार दीर्घ काळ टिकते. विमानात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना मात्र अशी ठाम मर्यादा नसते. म्हणून जुन्या विमानाच्या उड्डाणाचा तास न् तास मोजावा लागतो.

१६ सप्टेंबर २०११ रोजी रीनोला एक शर्यतीचे विमान कोसळले. वैमानिक आणि दहा प्रेक्षक मिळून अकरा जण मृत्युमुखी पडले. तपासात कारण निघाले ते अगदी क्षुल्लक वाटणारे. शेपटीवरील एका छोट्या पट्टीचे स्क्रू धरून ठेवणाऱ्या नटांच्या आतील कडी झिजली होती. त्यामुळे स्क्रू सैल झाले, एका स्क्रूला थकव्याची भेग गेली आणि वेगात ती पट्टी फडफडू लागली. नव्या नटांना फारसा खर्च आला नसता. तेथे उणीव पैशाची नव्हती, नजरेची होती.

पैसा होता, पण...

लोकवर्गणीचे सर्वांत बोलके उदाहरण शर्यतीच्या विमानाचे नसून ‘व्हल्कन’ या ब्रिटिश बॉम्बफेकी जेट विमानाचे आहे. १९६० साली बनलेले एक व्हल्कन हजारो सामान्य नागरिकांच्या देणग्यांनी आणि सार्वजनिक निधीच्या मदतीने दुरुस्त झाले. २००७ मध्ये ते पुन्हा आकाशात झेपावले. आठ वर्षे लोकांनी ते डोळे भरून पाहिले. परंतु २०१५ च्या ऑक्टोबरात त्याचे शेवटचे उड्डाण झाले. ज्या कंपन्या त्याच्या तांत्रिक सुरक्षिततेची जबाबदारी घेत होत्या, त्यांनी पुढे ती घेण्याचे थांबवले. त्या यंत्राची खडान्‌खडा माहिती असलेले अभियंते निवृत्त होत चालले होते. वर्गणीने भाग विकत मिळतो, पण ‘हा भाग सुरक्षित आहे’ असे जबाबदारीने सांगणारा जाणकार वर्गणीने एका दिवसात तयार होत नाही.

पुढे काय?

रीनोच्या शर्यती २०२३ साली थांबल्या. विमानतळाच्या परिसरात वस्ती वाढली होती आणि विम्याचा खर्चही. त्या अखेरच्या वर्षी दोन टी-६ विमानांची टक्कर होऊन दोन वैमानिक दगावले. हेच विमान आपल्या वायुदलात ‘हार्वर्ड’ नावाने परिचित होते. २०२५ मध्ये शर्यती न्यू मेक्सिकोतील रॉझवेलला नव्याने भरल्या. तिकिटे आणि देणग्या यांवर त्या चालतील, पण त्यांचे आयुष्य तपासणीच्या शिस्तीवर अवलंबून राहील.

शर्यतीखेरीज दुसरा मार्गही आहे. आपल्या वायुदलाला २०१८ मध्ये एक जुने डाकोटा विमान भेट मिळाले. ते मोडीत निघालेले होते. राजीव चंद्रशेखर यांनी ते आपल्या खर्चाने इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतले. त्यांचे वडील वायुदलात डाकोटा चालवीत असत. ‘परशुराम’ नावाचे हे विमान इंग्लंडहून स्वतःच्या पंखांवर भारतात आले. त्याला कोणाच्या पुढे जायचे नाही. संथ उडणाऱ्या विमानाच्या पंखांवर भार कमी येतो आणि आयुष्य वाढते, हे वरील गणितावरून तुम्हीच सांगू शकाल.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवर मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. त्याची नाडी ओळखणारे कारागीर तेव्हा येथेच होते. तुमच्या गावातही जुने ऑइल इंजिन दुरुस्त करणारा एखादा मिस्त्री असेल. त्याच्याकडे जा आणि बाजारात न मिळणारा भाग तो कसा घडवतो, कसा तपासतो, हे विचारा. तो सांगेल ते वहीत लिहून ठेवा, आकृत्या काढा आणि वर्गात वाचून दाखवा.