क्रोनी, बिली, मॅरो : स्कॉट्स बोलीतले जिवलग

मराठी वाचकाला ‘क्रोनी’ हा शब्द भेटतो तो अग्रलेखात. ‘क्रोनी कॅपिटॅलिझम’ म्हटलं की सरकारी कंत्राटं आणि मंत्र्यांचे लाडके उद्योगपती डोळ्यांपुढे येतात. स्कॉटलंडच्या एअरशरमध्ये मात्र हा मायेचा शब्द आहे. सतराव्या शतकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी ‘दीर्घकाळ टिकणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला. पुढे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1790 साली लिहिलेल्या ‘टॅम ओ’शँटर’ या कवितेत त्याला गुत्त्यातल्या शेकोटीजवळ आणून बसवलं. बाजार उठलाय, टॅम घरची वाट विसरून पीत बसलाय, आणि जवळ आहे त्याचा क्रोनी, सूटर जॉनी. सूटर म्हणजे मोची. जॉनी ‘ड्राउथी’ आहे, म्हणजे त्याच्या घशाला कायमची कोरड. ज्याच्यावरून हे पात्र बेतलं असं मानतात, त्या मोच्याचं किर्कऑस्वाल्डमधलं घर अजून उभं आहे.

स्कॉट्स बोलीत सोबत्यांसाठी इतके शब्द का, याचा एक धागा मला ‘फ्रीन्ड’ या शब्दात दिसतो. इंग्रजी ‘फ्रेंड’चंच हे स्कॉट्स रूप, पण जुन्या वापरात त्याचा अर्थ नातेवाईक. मित्राचं नाव असं सोयऱ्यांनी घेतल्यावर बाकीच्यांना नावं द्यायची कुठून? मैत्री जिथं जुळली, तिथूनच ती आली.

‘फिअर’ म्हणजे मुळात वाटेवरचा सोबती; ‘जाणे’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी त्याचं नातं आहे. ‘ऑल्ड लँग साइन’ या गाण्यात तो आहे, म्हणून वर्षाच्या शेवटच्या रात्री जगभर गायला जातो, पण रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेला. त्याच गाण्यातले दोन मित्र आपापल्या पिंटचे पैसे आपण देऊ असं ठरवतात. जुना स्कॉट्स पिंट साधारण 1.7 लिटरचा, हे ध्यानात घेतलं तर त्या रात्रीचा आवाका कळतो!

‘मॅरो’ मला सगळ्यांत आवडतो. खाणीत, शेतात बरोबरीनं राबणारा तो मॅरो. नवरा-बायको एकमेकांचे मॅरो, आणि हातमोज्यांच्या जोडीतला एक दुसऱ्याचा मॅरो. आपला ‘जोडीदार’ इतकाच ऐसपैस आहे. ‘बिली’ हा सखाही आणि सख्खा भाऊही, त्यामुळे फ्रीन्डने आखलेली रेघ त्याने सहज ओलांडली.

गुत्त्याच्या गोष्टींत बायका वाट बघत घरी बसलेल्या असतात. ‘कमर’ किंवा ‘किमर’ या शब्दामुळे दुसरी बाजू दिसते. मूळ फ्रेंच, अर्थ बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई. पुढे मैत्रीण, शेजारीण, सुईण, गप्पांतली सखी असे सगळे अर्थ त्यात आले. बाळंतिणीभोवती जमणाऱ्या बायकांचंही खाणंपिणं रंगायचं. या शब्दाला बर्न्सच्या मित्रांइतकी कीर्ती मिळाली नाही, हा अन्यायच आहे.

बसायच्या ठरलेल्या जागेला ‘हाउफ’ म्हणतात. डम्फ्रीजमधलं ग्लोब इन हा बर्न्सचा हाउफ. डंडीत मात्र ‘द हाउफ’ हे एका कबरस्तानाचं नाव आहे, कारण गावातल्या कारागिरांच्या संघांच्या बैठका तिथंच भरत.

आजच्या ग्लासगोत ऐकू येतो तो ‘चायना’, म्हणजे ‘मेट’, मित्र. ‘मेट’शी यमक जुळणारं ‘चायना प्लेट’ घ्यायचं आणि प्लेट गाळायची, ही लंडनची युक्ती ग्लासगोने आपलीशी केली. त्याहून जास्त चालतो ‘पॅल’. तो रोमानी लोकांच्या ‘फ्राल’वरून आला. फ्राल म्हणजे भाऊ, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘भ्रातृ’शी जुळतं, म्हणजे आपल्या ‘भाऊ’शीही. अनोळखी माणसाने हाक मारताना ‘पॅल’वर जरा जोर दिला, तर मात्र ती धमकी असू शकते.

2022च्या जनगणनेत 15 लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलं. 2025मध्ये स्कॉटिश संसदेने तिला अधिकृत भाषेचा दर्जा देणारा कायदा केला. शाळेत जिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दटावलं जाई, त्याच बोलीला हा मान मिळतोय.