हरणें आणि वसंतांतील फुलें

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत आमचे एक आप्त राहतात. त्यांनीं एका शरदृतूंत मोठ्या हौसेनें ट्यूलिपचे २०० कंद अंगणांत पुरले. हिवाळाभर कंद बर्फाखालीं निजून राहिले. एप्रिलांत पानें वर आलीं, कळ्या धरल्या. आणि आतां उमलणार, तोंच एके दिवशीं सकाळीं पाहतात तों नुसते देंठ उभे! ट्यूलिपच्या कंदास बहुधा एकच कळी येते. ती गेली कीं वर्ष गेलें; आणि पानेंही खाल्लीं गेलीं तर कंद पुढील वर्षासाठीं पोसत नाहीं.

सशानें खाल्लेला देंठ सुरीनें कापल्यासारखा तिरपा तुटतो. हरणास वरच्या जबड्यांत पुढचे दांतच नसतात. तें पाला धरून ओढतें, म्हणून देंठाचें टोंक फाटलेलें राहतें. येथील देंठ फाटलेले होते.

आपल्याकडे हरिण म्हटलें कीं अरण्य आठवतें; तें भरवस्तींत कसें आलें? बेसुमार शिकारीमुळें तेथील पांढऱ्या शेपटीचीं हरणें १९०० च्या सुमारास अवघीं ५ लाखांच्या आसपास उरलीं होतीं. पुढें कायद्यानें शिकारीस आळा बसला. लांडगे तर बहुतेक भागांतून आधींच नाहींसे झाले होते. घरें रानाच्या कडेपर्यंत पोंचलीं, आणि आज हरणांची संख्या अदमासें ३ कोटींवर गेली आहे. हिवाळाभर काटक्या चघळलेल्या, पोटांत पाडस वाढत असलेल्या हरिणीस पहिला रसाळ घांस ट्यूलिपचा मिळतो. तिला चोर म्हणावयास मन धजत नाहीं. पण बागवानानें स्वस्थ तरी कसें बसावें?

खरा उपाय कुंपणाचा. मात्र तें ८ फूट उंच हवें, त्याहून ठेंगणें हरिण सहज ओलांडतें. एवढा खर्च न झेपल्यास एक युक्ति आहे. हरिण उंच उडी मारतें, लांबही मारतें, परंतु एकाच उडींत दोन्ही साधणें त्यास कठीण जातें. म्हणून ४।५ फुटांच्या अंतरानें दोन ठेंगणीं कुंपणें घातलीं तर तें बिचकतें. पलीकडे काय आहे हें दिसत नसेल, तर फळ्यांच्या भिंतीवरूनही तें सहसा उडी घेत नाहीं.

नासक्या अंड्यांपासून बनविलेलीं औषधें फवारतात. त्यांचा वास माणसास थोड्या वेळानें जाणवत नाहीं, हरणास जाणवतो. परंतु पावसानें औषध धुऊन जातें, आणि नवें पान कोरेंच उगवतें. म्हणून आळस करून चालत नाहीं. साबणाच्या वड्या टांगण्यावर आमचा फारसा विश्वास नाहीं.

सर्वांत शहाणपणाचें म्हणजे फुलांची निवड. नर्गिसाच्या जातीचें डॅफोडिल विषारी असल्यामुळें हरिण त्यास तोंड लावीत नाहीं. कांद्या-लसणीच्या कुळांतील शोभेचीं फुलें त्यास वासामुळें नकोशीं होतात. क्राउन इंपीरियल नांवाच्या फुलाच्या उग्र दर्पाचीही तीच गोष्ट. अर्थात् उपाशी हरणाचा भरंवसा कोणी द्यावा?

आमच्या आप्तांनीं पुढल्या शरदांत रस्त्याकडील बाजूस डॅफोडिल लावले, आणि ट्यूलिपचे थोडेच कंद स्वयंपाकघरामागील, चोहोंकडून बंद असलेल्या चौकांत पुरले. मार्चांत कोंब बोटभर दिसतांच त्यांनीं पहिली फवारणी केली. कारण हरणास एकदां चव लागली कीं तें रोज त्याच वाटेनें येतें.