विद्युत् मोटारगाडीचा पल्ला

घटमाला एकदा पूर्ण भारित केल्यावर विद्युत् मोटारगाडी जेवढे अंतर कापते, त्यास तिचा पल्ला म्हणतात. एसयूव्ही या उंच व जड प्रकारात तो घटमालेच्या क्षमतेप्रमाणेच चाकांचा आकार व चालनपद्धती यांवरही अवलंबून असतो.

चाके : टायरचा बाह्य व्यास कायम ठेवून धातूची रिम मोठी केल्यास चाकाचे वस्तुमान सामान्यतः वाढून परिघाकडे सरकते व वेग घेताना अधिक ऊर्जा लागते. अशा रिमवर बहुधा रुंद टायर असल्याने हवेचा रोध व लोटण घर्षणही वाढते. २,२०० किग्रॅ. वजनाच्या गाडीचा लोटण घर्षण गुणांक ०·००८ वरून ०·०१० झाल्यास दर १०० किमी.ला सु. १·२ किवॉ.ता. ऊर्जा जास्त लागते. १०० किमी.ला १५ किवॉ.ता. वापरणाऱ्या, ७५ किवॉ.ता. घटमालेच्या गाडीचा ५०० किमी. पल्ला त्यामुळे सु. ४६३ किमी. होतो.

चालन : दुसऱ्या चलित्रामुळे वस्तुमान व अंतर्गत घर्षण वाढते. टाटा मोटर्सने २०२५ मध्ये आणलेल्या हॅरियर ईव्हीचा ७५ किवॉ.ता. घटमालेवरील प्रमाणित पल्ला मागील चाकांच्या चालनात ६२७ किमी., तर चारही चाकांच्या चालनात ६२२ किमी. आहे. प्रत्यक्षातील पल्ला वेग, भार व वातानुकूलन यांनुसार कमी होतो.

श्रीपूर (जि. सोलापूर) येथील ऊसपट्ट्यात पावसाळी चिखलवाटांवर चारही चाकांचे चालन उपयुक्त ठरते, डांबरी रस्त्यावरील लांब प्रवासास मात्र लहान रिम, अरुंद टायर व एकाच आसाचे चालन अधिक पल्ला देतात. जाड टायर खड्ड्यांचे धक्केही अधिक सोसतो.