शंख, गोटा, ओंडका: टाकीत काय चालतं?

कोलकात्यात बागबाजारजवळच्या गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी पक्षी, रोपं आणि शोभेच्या माशांचा बाजार भरतो. मासा लोक दहा वेळा निरखून घेतात. सजावट मात्र ‘निसर्गातलीच तर आहे’ म्हणत सहज उचलली जाते. पण टाकी म्हणजे वाहती नदी नव्हे. तिच्यात ठेवलेली वस्तू जे काही सोडेल, ते तिथेच साचत जातं.

गैरसमज: शंख-शिंपले पाण्यातलेच, मग टाकीत चालणारच.
वस्तुस्थिती: दीघा किंवा पुरीच्या सहलीतून आणलेले शंख-शिंपले मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाण्याचा जडपणा व पीएच वाढवतात. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या डिस्कस किंवा निऑन टेट्राला हे मानवत नाही. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडना मात्र असंच पाणी लागतं. प्रवाळाचा तर विचारच नको. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

गैरसमज: व्हिनेगर टाकून फेस आला नाही, म्हणजे दगड निर्धोक.
वस्तुस्थिती: फेस आला तर दगड चुनखडीचा किंवा संगमरवराचा असण्याची शक्यता मोठी. पण डोलोमाइटसारखा दगड सौम्य आम्लाला फारशी दाद देत नाही. म्हणून दगड आठवडाभर बादलीत बुडवून ठेवावा आणि आधी-नंतर टेस्ट किटने पाण्याचा जडपणा मोजावा. बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, तसंच ग्रॅनाइट सहसा चालतात. गंजाचे डाग किंवा धातूसारखी चमक दिसली, तर तो दगड बाहेरच बरा.

गैरसमज: उकळलं की काहीही निर्जंतुक होतं.
वस्तुस्थिती: लाकूड खुशाल उकळावं, दगड नाही. भेगांत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. दगड साध्या पाण्यात ब्रशने घासावा. साबण कशालाच लावू नये.

गैरसमज: पाणी चहासारखं झालं, म्हणजे लाकूड सडलं.
वस्तुस्थिती: हा रंग टॅनिनचा. त्याने पाणी थोडं आम्लधर्मी होतं, पण बहुतेक माशांना अपाय होत नाही. रंग नको असेल, तर लाकूड काही आठवडे भिजवून पाणी बदलत राहावं. नव्या लाकडावर येणारा पांढरा बुळबुळीत थरही बहुधा निरुपद्रवी असतो. ओलं, हिरवं किंवा चीडसारखं राळ असलेलं लाकूड मात्र टाळावं. सुंदरबनातला ओंडकाही उचलून आणू नये, ते संरक्षित जंगल आहे.

गैरसमज: वाळकं पान म्हणजे कचरा.
वस्तुस्थिती: देशी बदामाचं आपोआप गळलेलं, फवारणी न झालेलं पान धुऊन टाकलं, तर तेही टॅनिन सोडतं आणि लाजऱ्या माशांना आडोसा देतं. छोट्या गुरामीला असा आडोसा आवडतो. या माशाचं शास्त्रीय वर्णन १८२२मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची धुराही त्यांनी काही काळ सांभाळली होती.

तेव्हा बाजारात पहिली फेरी सजावटीसाठी मारावी. दगडाचा आठवडा आणि लाकडाचे काही आठवडे बादलीत सरू द्यावेत. माशांचा रविवार त्यानंतरचा.