सांगायची किंमत आणि आपाचा हिस्सा

मिरजेच्या जुन्या गावात अब्बांचं घर होतं. दगडी जोतं, सागवानी खांब, मध्ये चौक, वर माडी. २०१८ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. चाळिसावा झाल्यावर आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी आणि अम्मी त्याच चौकात बसलो. घर विकायचं ठरलं. भाईजान म्हणाले, "एक कोटीच्या खाली बात नाही." आम्ही सगळ्यांनी मान हलवली.

हे एक कोटी आले कुठून, ते कुणी विचारलं नाही. मोठ्या रस्त्यावरचं एक घर तेवढ्याला गेल्याचं ऐकलं होतं, एवढंच. पण ते घर रिकामं होतं, दारात ट्रक उभा राहत होता. आमच्या गल्लीत रिक्षाही मुश्किलीनं वळते. तळमजल्यावर अब्बांच्या वेळचा भाडेकरू. त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असल्यानं घेणारा ते ओझं किमतीतून वजा करणारच. सागवानाचं कौतुक सगळे करतात, पैसे मात्र जागेचे मोजतात. आणि गळक्या छपराचा खर्च आधी धरतात.

२०१९ ला कृष्णेला महापूर आला. पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही, पण ग्राहक आटले. मग लॉकडाऊन. सप्टेंबर २०२० पासून सरकारनं काही महिने मुद्रांक शुल्क कमी केलं, तेव्हा थोडी चौकशी सुरू झाली. एकानं बहात्तर लाख देऊ केले. आम्हाला तो अब्बांचा अपमान वाटला. चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

त्याच वर्षी दूल्हाभाईंचं ऑपरेशन झालं. आपानं दागिने गहाण ठेवले, आम्हाला कळूही दिलं नाही. नंतर एकदा फोनवर एवढंच म्हणाली, "विका नाहीतर ठेवा, पण माझा हिस्सा किती होतो ते तरी सांगा."

तेव्हा पहिल्यांदा कागद-पेन घेतलं. कफन-दफन, कर्ज आणि असल्यास वसीयत भागवून उरतं त्यातला आठवा हिस्सा अम्मीचा. बाकीचे सहा भाग करायचे. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. बहात्तर लाखांत अम्मीचे नऊ लाख झाले असते, आपाचे साडेदहा लाख. आम्ही 'नाही' म्हणालो ते आमच्या शानसाठी, आणि आपाच्या पैशांवर.

मग सरकारमान्य मूल्यांकनकार बोलावला. घर शेवटी साठ लाखांना गेलं. आपाच्या हाती पावणेनऊ लाख आले.

आपल्या कितीतरी घरांत अशी जुनी वास्तू 'चांगला भाव येईल' म्हणून कुलूपबंद पडून आहे. आमच्या चुकीतून शिकलेलं सांगतो. इंतकालानंतर लवकरात लवकर प्रॉपर्टी कार्डावर सगळ्या वारसांची नावं लावून घ्या, बहिणींचीसुद्धा. शेजाऱ्यांनी सांगितलेली किंमत धरू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले आसपासचे व्यवहार बघा. रेडी रेकनरचा दरही बघा, कारण त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली विकलं तर आयकर सरकारी किमतीवरच मोजतात. एखाद्या भावाला घर ठेवायचं असेल तर खुशाल ठेवावं, पण मूल्यांकन करून बहिणींची रक्कम आधी द्यावी. आणि सांगायची किंमत ठरवतानाच किती महिने थांबायचं, तेही ठरवा.

सूरह निसात वारशाचे हिस्से नेमून दिलेले आहेत. घराला गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते हिस्से थांबत नाहीत, मालकाचे डोळे मिटताच हक्क लागू होतो. आपानं दागिने सोडवले. त्यातली एक बांगडी सावकाराकडेच बुडाली होती. तिचा हिशोब आपानं मागितला नाही. आम्ही दोघा भावांनी तो आपापल्या हिश्श्यातून भरून दिला.