वसईची दमट हवा आणि थंड पांढरी वाइन

उन्हाळ्यात पांढरी वाइन थंड करून प्यावी हा संकेत सर्वपरिचित आहे. परंतु ती थंड का करावी आणि वसई-विरारसारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात ती इतक्या लवकर कोमट का होते, हे प्रश्न निराळे असून दुसऱ्याचा विचार सहसा होत नाही.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. पांढऱ्या वाइनचा प्राण तिच्या आम्लतेत असतो. तापमान उतरले की गोडी मंद भासते, आंबटपणा उठून येतो आणि मद्यार्काची झळही कमी होते. मात्र अतिशय गार वाइन मुकी होते, कारण सुगंधी द्रव्ये थंडीत पुरेशी उडत नाहीत. साधारणतः ८ ते १२ अंश सेल्सियस ही मर्यादा योग्य मानली जाते.

दुसऱ्या प्रश्नासाठी नाशिककडे पाहावे. तेथे ‘सुला’ने २००० मध्ये शेनिन ब्लां व सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइन प्रथम बाजारात आणल्या. नाशिकचा पारा उन्हाळ्यात ४० अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते. वसईचा पारा सहसा तितका चढत नाही. तरीही पेला येथेच लवकर तापतो, याचे कारण हवेतील बाष्प. मे महिन्यात किनाऱ्यावरील दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. १० अंशांचा पेला त्याहून पुष्कळच थंड असल्याने त्यावर बाष्प गोठत नाही, तर द्रवरूप होते, आणि तसे होताना आपली सुप्त उष्णता सोडते. एक ग्रॅम पाण्यामागे ही उष्णता सुमारे ५८५ कॅलरी भरते. ती सर्व आत गेली असे धरल्यास १५० ग्रॅम वाइनचे तापमान जवळजवळ ४ अंशांनी वाढेल. काही भाग काचेत व हवेत जातो हे खरे; पण एक ग्रॅम म्हणजे लहान चमच्याचा केवळ पाचवा भाग! पेल्याला सुटलेला घाम गारव्याची खूण वाटतो. वस्तुतः तो गारवा हिरावून घेत असतो.

ओल्या फडक्याचा घरगुती उपायही याच कारणाने येथे फारसा चालत नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. बाटली बर्फ व पाणी यांच्या मिश्रणात ठेवावी. नुसत्या बर्फाचा स्पर्श बाटलीला जागोजागीच होतो, पाण्याचा सर्वांगाला होतो. पेल्यात थोडी थोडी वाइन ओतावी व पेला दांड्याने धरावा. पेल्यात बर्फ टाकणे हा मात्र आमच्या मते सर्वांत वाईट उपाय, कारण जिच्यासाठी हा खटाटोप ती आम्लताच त्याने पातळ होते.

विद्यार्थ्यांना याचा पडताळा सहज घेता येईल. एकाच मापाच्या दोन पेल्यांत सारखेच थंड पाणी घ्यावे, एक पेला हवाबंद कोरड्या पेटीत व दुसरा उघड्यावर ठेवावा, आणि दर पाच मिनिटांनी तापमान टिपावे. पेटीतील हवा खोलीइतकीच उष्ण असावी, एवढी दक्षता घ्यावी.